पाठमोरी बोट

काल्याच्या दिवशी सकाळी कुडपणात कुणाच्या घरी दूध सापडायचं नाही. सगळं आदल्या दिवशीच विरजून देवळात गेलेलं असतं. हरिबाच्या चुलीवर मात्र एक पातेलं राहिलं होतं, आणि त्यावर आलेली म्हशीच्या दुधाची जाड साय त्याची लेक सुप्रिया पळीनं पुढं ढकलत बसली होती.

"बघा आबा. ही साय म्हणजे बर्फ, पळी म्हणजे बोट. पळी पुढं लोटली की काय होतं?"

"साय गोळा होते," हरिबा म्हणाला. "नि तुझी आई आली की बोंब होते."

"थट्टा नको. इथं पातेलं खोल आहे म्हणून साय खाली दबते नि पळीला वाट मिळते. हेच दूध परातीत ओतलं तर? साय खाली जायला बघणार, पण तळ लगेच लागणार. मग ती पळीखाली अडकून बसणार. आमची बोट जायची तो समुद्र असा परातीसारखा आहे. कुठं दोन पुरुष पाणी, कुठं जरा जास्त. मोठ्या बर्फफोड्या बोटी तिथं शिरूच शकत नाहीत."

"मग तुमची कशी शिरते?"

"चपटी केली, रुंद केली. पण चपटी म्हणजे खालचे, बोट ढकलणारे पंखे लहान, अंगात वजनही कमी. पातळ बर्फावर ती नाक चढवते नि भारानं मोडते. पण वाऱ्यानं बर्फाच्या लाद्या एकावर एक चढून ढीग होतात ना, ते थेट तळाला टेकलेले असतात. तिथं नाकाचं काम नाही. असा ढीग आला की आमची बोट गर्रकन फिरते नि पाठीकडून—"

"सायीत हात कुनी घातला?" दारातून प्रयागबाईचा आवाज आला, आणि बोटीची गोष्ट तिथंच राहिली. हरिबा टोपी सारखी करत बाहेर सटकला. अर्धीच गोष्ट घेऊन सटकला, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सुप्रिया पोलादपूरच्या शाळेत शिकली, पुढं इंजिनियर झाली आणि पुण्याच्या एका कचेरीत बोटींचे आराखडे काढू लागली. कुडपणातून समुद्र दिसत नाही; दिसतं ते धुकं. त्यामुळं गावाला तिच्या कामाचं नवल वाटायचं आणि थोडं हसूही यायचं. उत्तरेकडच्या त्या उथळ समुद्रात तेल काढणाऱ्यांची बेटं आहेत. हिवाळ्यात पाणी गोठलं की तिथल्या माणसांना पीठमीठ, डिझेल, औषध पोचवायचं कसं? त्यासाठी ही बोट. तिच्या पंख्यांचा आराखडा सुप्रियाचा. बोट बांधून तयार होती, आता पहिल्यांदा बर्फात घालायची होती. तिच्या वरच्या अनुपमा मॅडम म्हणाल्या होत्या, "पंखे तुझे आहेत, तूच चल." उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. नाहीतर दुसरं कुणी जाणार होतं, आणि आपले पंखे पहिल्यांदा बर्फाला लागताना सुप्रियाला कधीच दिसणार नव्हते.

आता ती मोठी, कमावती. न विचारता गेली असती तर कुणी बांधून ठेवणार नव्हतं. पण बापाच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय हिचा पाय निघत नाही, आणि बाप सप्ताह बसल्यापासून एकच पालुपद धरून बसलेला: "काला होऊ दे."

त्याचं कारण प्रयागबाईला ठाऊक होतं. हरिबाची जुनी खोड. मनात गुंता झाला की तो ना ज्योतिषाकडं जायचा, ना देवाला फूल लावायचा. तो कीर्तनाला बसायचा आणि बुवांच्या तोंडून आपल्यासाठी शब्द निघायची वाट बघायचा. नारदाच्या गादीवरून निघालं ते देवाचं, एवढा साधा हिशेब. म्हैस विकायची का, मोठ्या मुलाला मुंबईला धाडायचा का, सगळं असंच ठरलेलं. आणि खरं सांगायचं तर बरंच ठीक ठरलेलं.

काल्याचं कीर्तन तुडीलच्या रावजीबुवांचं होतं. बुवा जीपमधून उतरले ते घाटाची वळणं मोजून मळमळलेले. हरिबानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, आल्याचा चहा दिला, आणि बाप तो बाप! घोटभर चहा व्हायच्या आत लेकीची बोट सांगून मोकळा झाला. "बर्फाचा डोंगुर आला म्हंजी ती पाठ फिरवते, बुवा. नाकाचं काम नाय तिथं."

"पाठ फिरवते?" बुवांचे डोळे चमकले. बाजारात ताजी मेथी दिसली की बायांचे डोळे चमकतात, तसेच. कीर्तनकाराला नवा दृष्टांत दिसला की तो काही घरी ठेवत नाही.

आणि काय रंगलं म्हणता कीर्तन! धुकं उठलेलं, कोवळं ऊन थेट मंडपात. मागं टाळकऱ्यांची फळी, चंदूचा पखवाज असा बोलत होता की म्हाताऱ्या ठमाबाईची मानसुद्धा सम सोडत नव्हती. बुवांनी सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, पेंद्याला बोबडं बोलायला लावलं, लोकांना हसवून हसवून रडवलं. सात दिवसांचा शीण त्या एका आवाजात धुऊन निघत होता. अशा वेळी माणसाला वाटतं, देव काही फार लांब नाही, खांबाआड उभा राहून टाळ्याच वाजवतोय.

मग बुवा उपरणं कमरेला खोचून पुढं आले.

"आता ऐका तुमच्याच गावची गोष्ट! या गावच्या लेकीनं एक बोट केलीय. लय मोठी, लोखंडाची. पण बर्फाचा डोंगर समोर आला की ती काय करते? पाठ फिरवते!" बुवांनी गर्रकन पाठ फिरवून चार पावलं पळून दाखवलं. मंडप हसला. "हसता काय? तुमचा-आमचा जीव तसाच हाय. सुखाच्या पाण्यात नाक वर! नि संकट आलं की देवाकडं पाठ! बोला, पुंडलिक वरदे..."

जयघोषात हसणं मिसळून गेलं. ठमाबाईनं सुप्रियाला ढोसलं. "काय गो, एवढी शिकलीस, नि पळपुटी बोट केलीस?"

सुप्रियाचे कान तापले. पण तिचं लक्ष पुरुषांच्या बाजूला होतं. हरिबा हसत नव्हता. टाळ खाली ठेवून तो उठला, खांबाशी आला आणि गजराच्या आवाजात तिला म्हणाला, "ऐकलंस न्हवं? गादीवरचा शब्द हाय. जी बोट पाठ दावते तिच्यावर माझी लेक जायची नाय. मिटलं."

"आबा, तुम्ही अर्धंच सांगितलंत त्यांना!"

"अर्धं मी सांगितलं, पुरं देवानं सांगितलं." आणि तो जाऊन बसलासुद्धा.

आता करायचं काय? बुवांना मध्येच अडवायची रीत नाही. सुप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त होतं.

"रडू नको. मला सांग," प्रयागबाई तिच्या कानाशी आली. "पाठमोरी का जाते ती?"

"तिचे पंखे मागं आहेत, आई. पोटाखाली, पायांसारखे. ते चहूकडं वळतात. पाठीकडून गेली की पंखे आधी बर्फापाशी पोचतात. खालचं पाणी ओढून घेतात, मग बर्फाला आधार राहत नाही नि तो मोडतो. ढीग असला तर हळूहळू कुरतडतात. नि तेच पाणी तुकड्यांना कडेनं लोटून देतं, अंगाला चिकटू देत नाही."

"म्हंजी पायानं जागा करत मागं सरते."

"हो."

"नि तोंड?"

"तोंड मोकळ्या झालेल्या वाटेकडं."

"अगो, ही तर लावणी झाली!" प्रयागबाई म्हणाली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला.

गजर चालू असताना बुवांच्या पाया पडायला कुणीही जाऊ शकतं. प्रयागबाई गेली. कपाळ टेकलं, उठली, आणि बुवांच्या कानाला लागून दोन वाक्यं बोलली. बुवांचे टाळ्या वाजवणारे हात थांबले. मग ते असे खो-खो हसले की चंदूचा ठेका चुकला.

"थांबा रे, थांबा! पखवाज थांबव." बुवांनी दोन्ही कान धरले. "आज गादीवर उभा राहून चुकलो. ही माउली मला विचारते, बुवा, तुडीलला भात लावतात का? तर हो, लावतात. तोंड पुढं करून लावतात का? पुढं चालाल तर आपलंच रोप तुडवाल! लावणीची बाई मागं मागं सरते. पाय चिखलात वाट शोधतात, नि नजर लावलेल्या रोपावर. आषाढात कुडपणच्या सगळ्या बाया पाठमोऱ्या असतात. मग त्या काय पळपुट्या?"

"कोन म्हनतो?" ठमाबाई कडाडली. अर्ध्या घटकेपूर्वी कोण म्हणत होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"तशीच ही बोट. ती पळत नाय, ती लावणी करते. माणसानंही संकटात असंच सरावं. पाय कामात, नि नजर देवानं आजवर जे दिलं त्याच्यावर!"

टाळ्या पडल्या. पण हरिबा उठून उभा राहिला. एरवी कुणी असं उठलं नसतं. पण काल्याच्या दिवशी देवच गडी होऊन खेळतो, तिथं कुणाला कुणाचा धाक?

"बुवा, लावणीत मागं बांध असतो. तो ठाऊक असतो," हरिबा म्हणाला. "त्या समुद्रात मागं बघतो कोन?"

बुवांनी सुप्रियाकडं हात केला. ती जागची उठली.

"कप्तान बघतो, आबा. त्याच्या खोलीत दुसरी खुर्ची असते, पाठीकडं तोंड केलेली. तिथंही सुकाणू, सगळं असतं. तो फक्त उठून त्या खुर्चीत बसतो."

"नि अडकली तर?"

सगळा मंडप तिच्याकडं बघत होता. 'नाही अडकत' म्हणणं सोपं होतं.

"अडकू शकते," ती म्हणाली. "कागदावर नाही अडकत. पाण्यात काय होतं ते बघायलाच जायचंय. अडकलीच तर सोडवायला दुसरी बोट जवळ असते. पण का अडकली, ते पंख्यांचा आराखडा काढणाऱ्याला लवकर कळेल."

हरिबानं हात जोडले. "बुवा, आता तुमीच सांगा. जाऊ देऊ का नको?"

रावजीबुवा पुढं आले आणि हसत म्हणाले, "हरिबा, मी कीर्तनकार. दृष्टांत माझा, पण लेक तुझी. एका सकाळीत दोन उलटसुलट शब्द बोलून झाले माझे. तिसरा तू बोल." आणि त्यांनी चंदूला खूण केली.

हंडी फुटली. पोरंसोरं, बाया, म्हातारे, सगळे दह्यानं माखले. पंगती बसल्या. वाढायला हरिबा होता. सुप्रियाच्या पानात त्यानं दोनदा भात वाढला आणि आमटी विसरला.

कुडपणात मोबाइलला रेंज मिळते ती गावावरच्या टेपावर, उंचवट्याच्या माथ्याशी. उन्हं कलताना सुप्रिया एकटीच फोन घेऊन वर निघाली. काय उत्तर द्यायचं ते अजून तिचं ठरलं नव्हतं. मागून धापा ऐकू आल्या. हरिबा होता, कानामागं दही वाळलेलं.

"लाव फोन," तो म्हणाला.

तिनं लावला. त्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला. "म्याडम, रामकृष्णहरी! मी सुप्रियाचा बाप. येते ती. हां, येते. नाय, बुवांनी नाय सांगितलं, मीच सांगतो. फकस्त एक करा. ती पाठीकडं तोंड केलेली खुर्ची हाय ना, तिच्याशेजारी बसवा पोरीला. पुढच्या बाजूला बसून हिला काय दिसनार?"

पलीकडून अनुपमा मॅडम काय म्हणाल्या ते सुप्रियाला ऐकू आलं नाही. हरिबा "हां, हां" करत मान डोलवत राहिला. ती पाया पडायला वाकली, तसं त्यानं फोनवर तळवा धरून तिला दटावलं.

"ते मागनं पड गो. आधी ह्यांना विचार, निघायचं कधी. रेंज जाईल."