खिडकीवर ठोकलेली दुलई

मित्रांनो, मी एक जुनी दुलई आहे. दुलईची जागा अंथरुणावर, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझं अर्धं आयुष्य मात्र खिडकीवर गेलं, खिळे ठोकलेल्या अवस्थेत. माझा गुन्हा काय होता, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म फरगाना खोऱ्यातल्या एका अंगणात झाला. सानोबारच्या आईने लेकीच्या लग्नासाठी मला शिवलं. पोटात नवा कापूस, वर लाल-हिरव्या पट्ट्यांचं रेशमी कापड. आमच्याकडे नवरीबरोबर दुलयांची चळत जाते आणि बायका ती बघूनच माहेरची ऐपत ठरवतात. मी सगळ्यांत वर होते, त्यामुळे मला थोडा गर्वही होता. सासरी मला जमिनीवर अंथरत, पाहुणे माझ्यावर मांडी घालून बसायचे, पुलाव खायचे आणि जाताना मला थोपटायचे.

पुढे सानोबार सूतगिरणीत लागली, तीही कायमच्या रात्रपाळीला. तिची सासू रिसोलत हिचं म्हणणं सरळ होतं. दिवसा सून घरात हवी, मग नोकरीला रात्रच उरते. सकाळी सानोबार कापसाच्या धुळीने पांढरी होऊन परतायची. पण आमच्याकडे सुनेने सूर्याच्या आधी अंगण झाडायचं असतं, पाणी शिंपडायचं असतं. त्यात माफी नाही. ती डोळ्याला डोळा न लागता अंगण झाडायची, चहा ठेवायची, लेक मुनिराला शाळेत धाडायची आणि मग कुठे आडवी व्हायची. खिडकी नेमकी पूर्वेला, ऊन थेट डोळ्यांवर. शेवटी तिने हातोडी घेतली आणि मला खिडकीवर ठोकलं.

तेव्हापासून मी अडकले. एका अंगाला ऊन भाजायचं, दुसऱ्या अंगाला सानोबारचे उसासे. मी उजेड अडवायचे, पण आवाज कसा अडवणार? "सूनबाई, तंदूर पेटलाय!" "सूनबाई, दूधवाली आलीय!" शेजारीण मतलूबा तर कुंपणावरून मुद्दाम मोठ्याने विचारायची, "काय रिसोलत आपा, तुमच्याकडे रात्र अजून संपली नाही वाटतं?"

मग रिसोलत तरातरा आत यायची आणि मला ओरबाडून काढायची. "ऊठ! चारचौघांत नाक कापलंस माझं. पाहुण्यांना बसायला दुलई हवीय." सानोबार गुपचूप उठायची. पाहुणे गेले की मी परत खिडकीवर. अशी वर्षं गेली. माझा रंग उडाला, तिचाही. मला फार राग यायचा. तिला येतच नव्हता की ती तो गिळत होती, कोण जाणे.

एका दुपारी तिने कूस बदलली. हात काखेजवळ गेला आणि तिथेच थांबला. छातीत गाठ होती. तिने दाराला कडी घातली, पुन्हा चाचपून पाहिलं आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. मुनिराचं लग्न जुळत आलं होतं. आईला असला आजार आहे असं कळलं तर लोक म्हणणार, रक्तातच खोट आहे. "लग्न होऊ दे, मग बघू," ती पुटपुटली. हे ऐकणारी मी एकटीच, आणि मी कुणाला काय सांगणार? मित्रांनो, खिळे मला इतके कधी टोचले नाहीत.

मग मुनिराच्या दुलयांची तयारी सुरू झाली. जुन्या दुलया उसवायच्या, कापूस अंगणात पसरायचा आणि काठ्यांनी झोडून मोकळा करायचा, ही आमची रीत. मलाही उतरवून उसवलं. सासू-सून समोरासमोर बसल्या. सानोबारचा हात काही वर जाईना.

"काठी झोडतेस की माश्या हाकलतेस?" रिसोलत म्हणाली.

"हात भरून आलाय, आई."

"रोज कसा भरून येतो? दाखव."

"काही नाही हो."

"दाखव म्हणते ना!"

रिसोलतने तिच्या काखेजवळ चाचपलं आणि काठी खाली ठेवली.

"कधीपासून गं?"

"कापसाच्या वेचणीच्या आधीपासून."

"आणि मी तुला अंगण झाडायला लावत होते!"

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"विचारलं तरी कुठं होतं मी?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते मला दोघींच्या बोलण्यातून कळलं. शरीरालाही आपलं घड्याळ असतं आणि ते उजेड-अंधारावर चालतं. वर्षानुवर्षं रात्री दिव्याखाली राबणाऱ्या बायकांमध्ये हा आजार जरा जास्त आढळतो, असं काही अभ्यास सांगतात. सानोबारला त्यामुळेच झाला, असं शपथेवर कुणी सांगू शकत नाही. उशीर मात्र तिने नक्की केला होता.

शस्त्रक्रिया झाली. औषधं अजून चालू आहेत. त्यातच मुलाकडच्या बायका आल्या आणि नव्याने शिवलेल्या माझ्यावर बसल्या. आमच्याकडे नान मोडला की लग्न ठरलं. मुलाच्या आईने नान हातात घेतला आणि सहज विचारलं, "मुलगी गिरणीत रात्रपाळीला जाईल ना? आम्हाला दिवसा घरात हात हवेत."

रिसोलतने नानावर हात ठेवला. "थांबा, बहिणी. माझ्या सुनेला छातीचा कर्करोग झालाय. आणि माझी नात रात्रपाळीला जाणार नाही. चालत असेल तर मोडा."

नान तसाच समोर पसरलेल्या कापडावर, दस्तरखानावर राहिला. बायका अर्धा चहा टाकून, "घरी विचारून कळवतो" म्हणत उठल्या.

"आई, पोरीचं जमलेलं मोडलंत तुम्ही!" सानोबार हमसून रडली.

"मोडू दे. दुसऱ्यांच्या खिडकीला दुलई ठोकायला नाही वाढवली तिला."

मला त्या क्षणी रिसोलतचे सगळे अपराध पोटात घालावेसे वाटले.

आता सानोबारची गिरणी सुटली. मी अंथरुणावर असते आणि ती रात्री माझ्यावर निजते. बाहेर गुडूप अंधार असतो, घर शांत असतं. पण गिरणीची वेळ झाली की तिचे डोळे टक्क उघडतात.

"झोप ना गं," पलीकडून रिसोलत म्हणते.

"झोपायचंय हो, आई. पण या अंगाला कोण समजावणार?"

मित्रांनो, भरदिवसा कुणाची खिडकी झाकलेली दिसली तर हसू नका, हाका मारू नका. आत कुणीतरी आपली रात्र शोधत असेल. आणि तुमच्या घरातली कुणी दुखणं लपवत असेल, तर तिला आजच दवाखान्यात न्या. लग्न थांबतं, गाठ थांबत नाही.