दगडाचं अंडं

मी एक अंडं आहे, पण मला फोडायच्या भानगडीत पडू नका. तुमचीच वाटी फुटेल. मी दगडाचा आहे. आतून बाहेरून एकच, ना बलक ना पांढरं. त्यामुळे मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी जे सांगणार आहे त्यात कुठे रडायला आलं, तर ते तुमचं तुम्ही बघा.

दारावरच्या नावाच्या पाट्या कोरणारा एक कारागीर होता. त्याच्याकडच्या संगमरवराच्या एका उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला. मावशींनी त्याच्याकडे अंडं मागितलं तेव्हा तो हसत सुटला होता. मावशी म्हणजे आमच्या मालकीणबाई. सगळी गल्लीच त्यांना मावशी म्हणायची.

"अहो मावशी, अंडं कोंबडीकडे मागायचं. माझ्याकडे कशाला?"

"कोंबडीलाच दाखवायचंय रे बाबा. तू घडव तर खरं."

त्याचं असं आहे की, कोंबडीला आधी एक अंडं पडलेलं दिसलं की तिला ती जागा भरवशाची वाटते. मग तीही तिथेच बसते. सगळी अंडी उचलून तिचं अंडी घालायचं खोकं रिकामं केलं, की तिला संशय येतो. ती दुसरीकडे कुठेतरी आडोसा शोधते. खरं अंडं मागे ठेवावं तर ते नासतं, नाहीतर कोंबड्याच चोच मारून फोडतात. म्हणून मी.

मावशींच्या कोंबड्या गावठी. त्यांची अंडी लहानखुरी, दुकानातल्यासारखी पांढरीफटक नाहीत, तर दूध जास्त झालेल्या चहासारखी. मी मात्र पांढरा. मग मावशींनी मला चहाच्या पावडरीच्या पाण्यात टाकून चांगलं खदखदा उकळलं. रंग धरला. उकळून निघायची ती माझी पहिली वेळ.

मागच्या अंगणात, जुन्या कपाटाच्या केलेल्या खुराड्यात, वाळक्या गवताच्या खोक्यात मी राहायला गेलो. रोज सकाळी मावशी हात घालायच्या. गरम अंडी उचलता उचलता माझ्यावरही हात पडायचा. "हा आपला थंडोबा," असं म्हणून मला परत ठेवायच्या. मला मिळालेलं नाव ते एवढंच.

एकदा आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, तिला अंडी उबवायची ओढ लागली. बाकीची अंडी मावशींनी काढून घेतली होती, तरी ती पिसं फुलवून माझ्यावरच बसली. उठेना, दाणे खाईना, जवळ गेलं की गुरगुरायची. शेजारच्या वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "मावशी, हाकला तिला. दगडातून काय पिल्लू निघणारे?"

"बसू दे गं. तिचं समाधान झालं की उठेल आपली आपण."

तेवढे दिवस मी सतत गरम होतो. माझ्या आयुष्यात तसं दुसऱ्यांदा झालं नाही.

मावशींचे यजमान घड्याळजी. त्यांना सगळे काका म्हणत. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर मान खाली घालून बसत. कोंबड्यांच्या वासाचं त्यांना वावडं, त्यामुळे मागच्या अंगणात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. सकाळी ताटलीत अंडं यायचं, ते खायचे. ते कुठून येतं, कसं येतं, कधी चौकशी केली नाही.

मग एका सकाळी खुराड्याचं दार उघडलंच नाही. घरातून नुसते आवाज येत होते, माणसांचे, चपलांचे. दुपारी वहिनींनी येऊन कोंबड्यांना बाहेर काढलं, दाणे फेकले आणि डोळ्याला पदर लावून त्या निघून गेल्या. मावशी गेल्या हे मला असं कळलं. मला काही वाटलं नाही. मी होतो तसाच पडून राहिलो.

पाहुणे पांगल्यावर काका पहिल्यांदा अंगणात आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी खोक्यात हात घातला आणि नेमकं मलाच उचललं. जन्मभर केसाएवढे स्क्रू चिमट्याने धरलेला माणूस, पण अंडं आणि दगड यातला फरक त्याला कळला नाही. "आज चांगलं वजनदार दिलंय," असं म्हणाले आणि मला गॅसवर उकळत ठेवलं. ही दुसरी वेळ.

पाणी आटेस्तोवर मी उकळलो. काकांनी चमच्याने टकटक केलं. मग ओट्यावर आपटलं. ओट्याचा टवका उडाला. तेव्हा कुठे त्यांनी भिंग लावून मला नीट पाहिलं. आधी हसले. एकटेच, मोठ्याने. मग खुर्चीत बसले आणि मला मुठीत धरून बराच वेळ रडले. "एवढं सगळं करत होतीस," म्हणाले, "आणि मला एकदा बोलली नाहीस."

त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि खिडकीतल्या फळीवर मावशींच्या फोटोशेजारी ठेवलं. प्रेमाने ठेवलं. आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्या फळीवरून मागचं अंगण स्पष्ट दिसायचं. दुसऱ्या दिवशी तांबडी खोक्यात शिरली, मान वाकडी करून रिकाम्या गवताकडे पाहिलं आणि बाहेर आली. अंगणभर फिरली. शेवटी भिंतीला टेकवलेल्या जुन्या पत्र्यांच्या मागे गेली. थोड्या वेळाने कॉक कॉक करत बाहेर आली. अंडं घातलं की कोंबडी असंच ओरडते. तिच्या मागोमाग काबरी गेली, मग बाकीच्याही.

काका खोक्यात रोज हात घालायचे. रोज रिकामं. ओरडणं मात्र त्यांना ऐकू यायचं. खिडकीशी येऊन उभे राहायचे आणि फोटोला सांगायचे, "बघ, तुझी आठवण काढून ओरडतायत."

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. काका, पत्र्यामागे बघा. पण दगड काय बोलणार.

माणूस पार बदलला होता. रुमाल सुटला. स्वतः खुराडं झाडायला लागले. दाणे आणले, त्यांनी जमेना म्हणून दुसरे आणले. तांबडीपुढे उकिडवे बसून म्हणायचे, "माझ्या हाताला का देत नाहीस गं? तिच्या वेळचं तेच खोकं आहे. माझं काय चुकतंय?" ती त्यांच्या चपलेवरचे दाणे टिपून चालती व्हायची.

मावशींची लेक आली. तिला बाबांची काळजी.

"बाबा, अंडी नाहीत, काही नाहीत. उगाच वाकून वाकून झाडत बसता. कुणालातरी देऊन टाका ना."

"तिच्या आहेत त्या."

"म्हणूनच सांगतेय. त्यांच्यापायी झुरायला लागलात."

काकांनी चपलेवरचे दाणे झटकले. मग म्हणाले, "खरंय तुझं. मला त्यांनी आपलं म्हटलंच नाही."

कोंबडीवाला सायकलला टोपली लावून आला. पाय बांधून एकेकीला उलटी धरली. तांबडी शेवटी सापडली, पत्र्यांमागून निघाली. काका त्या वेळी पुढच्या खोलीत होते. दुकानातली सगळी घड्याळं पुसत होते. मी सगळं पाहिलं. मला वाटलं का काही? माहीत नाही. फळीवर होतो तिथेच होतो.

पुढे वहिनींना स्वयंपाकघराच्या छपरासाठी पत्रे हवे होते. काका न्या म्हणाले. पहिला पत्रा हलवला आणि वहिनी थबकल्या. मागे अंड्यांचा ढीग होता. धूळ बसलेली, चहाच्या रंगाची, लहानखुरी अंडी.

"काका, खोक्यातला दगड कुठे गेला हो?"

"तो... मी आत ठेवलाय. तिची आठवण म्हणून."

वहिनींनी हातातला पत्रा खाली टेकवला. मग हळूच म्हणाल्या, "त्याला बघूनच कोंबड्या तिथे बसायच्या."

"म्हणजे... रुसल्या नव्हत्या माझ्यावर?"

"रुसतील कशाला? रोज देत होत्या की तुम्हाला."

काका तिथेच पायरीवर बसले. एक अंडं हातात घेतलं, कानाशी हलवून पाहिलं, बंद पडलेलं घड्याळ हलवतात तसं. मग ती सगळी त्यांनी भिंतीकडेला खड्डा करून पुरली. वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडची एखादी तलंग कोंबडी देऊ का?" काका म्हणाले, "बघू."

त्या संध्याकाळी त्यांनी मला फळीवरून उचलून परत खोक्यात ठेवलं. गवतही बदललं. आता मी इथेच असतो, रिकाम्या खुराड्यात. रोज सकाळी काका येतात, हात घालतात आणि मला उचलतात. आधी लगेच ठेवून द्यायचे. आताशा जरा वेळ मुठीत धरून उभे राहतात.

मी गारच असतो. माझ्यात काही नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण परवा त्यांनी मला खाली ठेवलं तेव्हा खालचं गवत किंचित कोमट झालं होतं. वहिनींना हो म्हणा, काका. खोकं तयार आहे. आणि तोवर, उद्या सकाळी, आणखी थोडा वेळ धरा.