चारशे की सहाशे

मेरेतेने लाउरिट्सच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला आणि उमटलेला खळगा भरून यायची वाट पाहत राहिली. तो भरला, पण सावकाश.

"सूज आहेच थोडी," ती म्हणाली. "ती गोळीमुळे. ती मला चालते. हे मात्र चालत नाही." तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

पडद्यावरची रेघ इतकी वर्षं जमिनीला टेकून होती. यंदाच्या हिवाळ्यात तिने मान वर काढली होती. लाउरिट्सच्या रक्तातला कर्करोग सावकाश चालणारा, रोज सकाळी एक गोळी पोटात गेली की गुमान पडून राहणारा. आता तो उठून बसला होता.

"गोळी चुकवता का?"

"लापशीबरोबर घेतो. थोरा गेली म्हणून लापशी काही थांबली नाही."

थोरा त्याची बायको, गेल्या ऑगस्टात गेली. मेरेते त्यांच्याच आळीत वाढलेली. लहानपणी थोराच्या स्वयंपाकघरात बसून तिने बिस्किटांचे डबे रिकामे केले होते. त्यामुळे डॉक्टर झाली तरी लाउरिट्सपुढे तिचा रुबाब फारसा चालत नसे.

"मग चारशे मिलिग्रॅमची सहाशे करावी लागेल," ती म्हणाली. "रक्तात औषध कमी पडतंय. आणि दुसरं औषध तुमच्या हृदयाला झेपायचं नाही."

लाउरिट्सने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. पहिल्या वर्षी तो सहाशेवर होता. तेव्हा पेटके येऊन बोटं सुईभोवती वळायची आणि वळलेलीच राहायची. थोरा ती कोमट पाण्यात धरून एकेक सोडवायची. बंदरातल्या जुन्या होड्यांची शिडं शिवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि घर रिकामं झाल्यापासून दिवस ढकलायला तेवढंच उरलं होतं.

"हात जातील माझे," तो म्हणाला.

"आणि नाही वाढवली तर तुम्ही जाल."

"अगदी आईवर गेलीस. तीही अशीच फटकळ."

मेरेते हसली नाही. खुर्ची पुढे ओढून ती त्याच्यासमोर बसली. "माणूस तोच, गोळी तीच. मग कमी का पडतेय? काय बदललंय ते सांगा. सर्दीचं औषध? झोपेचं?"

"काही नाही. बायको नाही, एवढंच."

"संध्याकाळी काय करता?"

लाउरिट्स जरा घुटमळला. "तळघर आवरत होतो. मागच्या फळीवर, बरण्यांच्या आड थोराच्या हातची कडक दारू, स्नॅप्स सापडला. चांगल्या पाच-सहा बाटल्या. जेवणानंतर पेला घेऊन बसतो. दारुडा झालो असं समजू नकोस."

कसं सांगायचं तिला? ऐन उन्हाळ्यातल्या सेंट हान्सच्या सणाला, गाव किनाऱ्यावर होळी रचत असताना, ती दोघं माळावर जायची. थोरा वाकून पेरिकुमच्या रानझुडपाच्या पिवळ्या कळ्या खुडायची, एखादी चिमटीत चिरडायची आणि बोटाला लाल डाग पडला तरच बाकीच्या टोपलीत टाकायची. दारूत पडल्या की त्या दारूही लाल करायच्या. हल्ली दिवसभर त्याला तिचा चेहरा नीट आठवत नसे, आणि याची त्याला फार भीती वाटायची. पण तो कडवट घोट घशाखाली उतरला की ती ऐन विशीतली, केसांत गवत अडकलेली, समोर उभी राहायची.

"पेरिकुमचा?" मेरेतेने विचारलं.

"मग कशाचा? सगळा गाव तोच करतो."

"साध्या स्नॅप्समध्ये चार थेंब टाकून?"

"तसाच घेतो. नुसता अर्क."

मेरेतेने चष्मा काढून डोळे चोळले. "लाउरिट्स, ते झाड ही गोळी अंगात टिकू देत नाही. सकाळी मी देते आणि रात्री तुम्ही धुऊन काढता. पहिल्याच भेटीत बजावलं होतं तुम्हाला."

"ऐकायचं काम थोराचं होतं."

"बाटली बंद करा. गोळी चारशेच ठेवू आणि ईस्टरनंतर रक्त पाहू. मला वाटतं, रेघ खाली येईल."

हात वाचले होते. पण लाउरिट्सला ते मानवेना. आता थोरा भेटायची ती संध्याकाळही गेली.

"काहीतरीच," तो कुरकुरला. "दर रविवारी हेरिंग माशाबरोबर मी तिचाच स्नॅप्स पीत आलोय. आजार झाल्यावरसुद्धा. तेव्हा तुझी ती रेघ कुठं हलली?"

"हाच प्यायचात? हाच लाल?"

"लालच. फक्त जरा..."

तो थांबला. तो गोड असायचा. आजार निघाल्यापासून गोडच. पाहुण्यांसमोर तो तिची टर उडवायचा, म्हातारी झालीस, हात बिघडला तुझा, स्नॅप्स आहे की पोरांचं सरबत. ती म्हणायची, नको असेल तर ठेव. पहिलं दव गोठलं की ती एकटीच कुंपणावरची काळी आंबट फळं काढायला जायची. मुरंब्यासाठी, म्हणायची. त्यांचा रसही लाल असतो. मुरंबा कधी ताटात आला नव्हता आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

लाउरिट्सचे कान तापले. भर पंगतीत आपण तिला काय काय बोललो ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पेरिकुमच्या बाटल्या दडवून ती मला कुंपणावरच्या काळ्या फळांचा पाजत होती. मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"ऐकलं असतंत?"

त्याने खरोखर विचार केला. "नाही."

मेरेतेने चिठ्ठीवर चारशेचा आकडा लिहिला. लाउरिट्सने कोट चढवला, बटणं लावली आणि दाराशी जाऊन तो उभा राहिला.

"त्या काळ्या फळांचा चालतो ना मला?"

"चालतो. एक पेला."

"थंडी पडली की करीन म्हणतो. साखर किती घालतात?"

"ते मला कुठं ठाऊक? चवीपुरती घाला."

"छे," लाउरिट्स म्हणाला. "भरपूर घालीन. थोराचा गोड असायचा."