फेलेतीचं माप

"पुढचा, फेलेती!" असं यादीतून पुकारून नर्स लोसालीनने मान वर केली. चर्चच्या सभागृहात गावाची आरोग्य तपासणी चालली होती आणि दारात तिचा सख्खा भाऊ उभा होता. त्याने तिच्या हातातली टेप पाहिली, मान खाली घातली आणि आल्या पावली परत गेला.

टोंगात वयात आलेले बहीणभाऊ एकमेकांसमोर शरीराचा विषय काढत नाहीत. बहिणीपुढे सदरा वर करून पोट मोजून घेण्यापेक्षा फेलेतीने समुद्रात उडी मारली असती. रक्त काढणारी शहरातली नर्स जेवायला गेली होती. अर्ध्या तासाने ये, ती माप घेईल, एवढा निरोप कुणाकरवीही धाडता आला असता.

"अगं, तुझा भाऊ पळाला की!" रांगेतली म्हातारी वाइका ओरडली. "एवढा धिप्पाड, आणि सुईला भितो!"

सगळे हसले. लोसालीनचे कान तापले. तिने घाईघाईने फेलेतीच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

दोन महिन्यांनी तपासणी करवणाऱ्या ऑकलंडच्या संशोधकांकडून अहवाल आले. त्यात तिचाही होता. नेहमीचं कोलेस्टेरॉल ठीक होतं. पण आईबापांकडून रक्तात उतरणारी एक चरबी, जी आता नव्याने मोजू लागले होते, ती भलतीच वाढलेली निघाली. खाली लिहिलं होतं, सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी. त्यांचा बाप पंचेचाळिशीत छाती धरून गेला होता. फेलेती चव्वेचाळीसचा होता.

ती घरोघर जाऊन लोकांना दटावत होती, "मेंढीची चरबी बंद, गोळ्या चालू. त्यात लाजायचं काय?" स्वतःचा कागद मात्र तिने बायबलात घालून ठेवला.

रविवारी भावजय कालिसी पानात बांधलेलं मांस घेऊन आली. टोंगात जमिनीतल्या भट्टीतला पहिला वाटा बहिणीचाच.

"वन्सं, चरबीचा तुकडा त्यांनी स्वतः निवडलाय तुमच्यासाठी. हल्ली भट्टीचा खड्डा खणताना दम लागतो, पण दुसऱ्याला हात लावू देत नाहीत."

"दम लागतो?"

"वय झालं म्हणतात. तुम्ही नर्स, म्हणून म्हटलं..." कालिसीने जीभ चावली. "चुकलंच माझं, वन्सं. तुमच्यापाशी त्यांचं असलं बोलायला नको होतं."

बायबल समोरच होतं. एकच वाक्य बोलायचं होतं.

"मांस छान शिजलंय," लोसालीन म्हणाली.

बुधवारी फेलेती कोनफळाच्या वाफ्यात पडला, तो उठलाच नाही.

मयताच्या उशाशी बसायचा मान बहिणीचा. लोक येत, तिच्यापुढे मानाच्या विणलेल्या चटया ठेवत, वाकत. "बहीण नर्स होती म्हणून एवढी तरी वर्षं मिळाली त्याला," कुणीतरी म्हणालं. लोसालीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, या चटया उचला, मला उठवा इथून. ती बसून राहिली.

पेटी करणारा सुतार आत आला आणि खिसे चाचपू लागला.

"सिस्टर, तुमची टेप द्या जरा. माझी घरीच राहिली."

तिने पिशवीतून टेप काढून दिली. त्याने ती फेलेतीच्या खांद्यांवरून धरली.

"छप्पन्न सेंटीमीटर. लिहून घ्या, सिस्टर. माझ्या लक्षात नाही राहत."

लोसालीनने मांडीवरचं बायबल उघडलं, आतला कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर भावाचं नाव लिहिलं. नावापुढे छप्पन्न लिहिलं.