पहिल्या श्रेणीची बालवाडी

बालवाड्यांची तपासनीस म्हणून तिचा दरारा असा, की तिची गाडी फाटकाशी थांबली की मुख्याध्यापिकांची धावपळ उडायची. पाठीमागे सगळे तिला 'तिखटबाई' म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. उपनगरातल्या नव्या सरकारी बालवाडीची तपासणी मात्र तिला नको होती. तिथली मुख्याध्यापिका तिची सख्खी धाकटी बहीण. तिने साहेबांना तसं सांगूनही पाहिलं.

"घरचंच माणूस आहे, मग काय," साहेब म्हणाले. "लवकर उरकेल."

बालवाडी बाहेरून दृष्ट लागावी अशी होती. दर्शनी भिंत काचेची, दारात हसणारा प्लास्टिकचा जिराफ. आत मात्र वाळूच्या हौदावर ताडपत्री घट्ट बांधलेली, आणि खेळणी कुलूपबंद कपाटात, अजून वेष्टणातच.

"मोडतात गं ताई," धाकटी म्हणाली.

"कोण मोडतं?"

"मुलं. दुसरं कोण?"

"मग मुलांसाठी आणली कशाला? जिराफाला दे."

धाकटी हसली. ताईचं बोलणं तिने लहानपणापासून पचवलं होतं. तिने मोठ्या झोकात वर्गाचं दार उघडलं. मुलं हाताची घडी घालून बसली होती. बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं की एकेक उठून ते घडाघडा वाचत होतं. "सगळी चार वर्षांची," धाकटी कानाशी कुजबुजली. तिखटबाईने पुढच्या बाकावरच्या मुलीला जवळ बोलावलं.

"वय काय गं तुझं?"

"चार," मुलगी म्हणाली आणि बाईंकडे बघून हसली. वरचे समोरचे दोन दात नव्हते. शेजारच्या मुलाचा एक पडलेला, एक कंगव्यासारख्या दातेरी कडेचा, नवा फुटलेला. मागच्या दोघांची तीच कथा.

"पाण्यात काही दोष आहे का गं इथल्या?" तिने बहिणीला विचारलं. "चौथ्याच वर्षी सगळ्यांचे दात पडायला लागलेत."

धाकटीचा चेहरा उतरला. पटांगणापलीकडच्या शाळेतून पहिलीची मुलं उसनी आणली होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बालवाडीतली कुठे आहेत?"

ती मागच्या सामानाच्या खोलीत होती. सतरंज्यांच्या ढिगाला टेकून, ओठांवर बोट ठेवून, ओळीने. एक मुलगा हुंदके देत होता, आणि शेजारची चिमुरडी मोठ्या बाईच्या थाटात त्याला चापटी मारून गप्प करत होती. तिखटबाई दारातच थांबली. आयुष्यभर टोमणे मारून घासलेली तिची जीभ त्या क्षणी काही कामाची राहिली नाही. ती आत गेली, त्या मुलाचं नाक आपल्या पदराने पुसलं आणि म्हणाली, "बोटं काढा रे. बोला आता."

कोणीच बोललं नाही. इतकी चांगली शिकवण झाली होती.

तिने बालवाडीला शेवटची श्रेणी दिली. धाकटीने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "परक्या बाईनेसुद्धा पोटात घातलं असतं," ती म्हणाली. साहेबांना वेगळीच काळजी. आपल्या भागाची सरासरी घसरेल, वरून विचारणा होईल. तिने श्रेणी बदलायला नकार दिला, तेव्हा त्यांनी फेरतपासणीला एक मऊ गृहस्थ पाठवले. ते चहा प्यायले, जिराफाचं कौतुक केलं आणि पहिली श्रेणी देऊन आले. फाटकावर फलक लागला, आणि प्रवेशासाठी पालकांची रीघ.

तिखटबाई घरी भांडं आपटून म्हणायची, "लोकांना डोळे दिलेत ते फलक वाचायला."

मग एका संध्याकाळी तिचा मुलगा समोर येऊन बसला. सून स्वयंपाकघराच्या दारात.

"आई, छोटीचं नाव मावशीच्या बालवाडीत घातलं."

"मी तिथे काय पाहिलं ते सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलंस. पण पहिली श्रेणी आहे तिला."

"आणि तुझं मावशीशी बिनसलंय," सून हळूच म्हणाली, "म्हणून आम्हाला वाटलं…"

म्हणजे घरच्यांना ती आकसाने बोलते असं वाटत होतं. तिने दोघांकडे असं पाहिलं की सून आत निघून गेली. मग तिने फोन उचलला. कित्येक महिन्यांनी बहिणीचा आवाज आला, सावध.

"माझी नात तुझ्याकडे येतेय," ती म्हणाली. "तिच्याबरोबर मीही येणार. दुपारच्या पाळीला. रोज. साठलेली रजा आहे माझी."

"ताई, तुझी तपासणी संपली."

"तपासनीस नाही येत, आजी येतेय. साहेबांना आजीची बदली करता येत नाही."

मग धाकटी म्हणाली, "खुर्च्या अगदी बुटक्या आहेत. तुझे गुडघे दुखतील."

"दुखू देत. जमिनीवर बसेन."

आणि ती खरंच बसली. पहिल्या दिवशी मुलं तिच्यापासून लांब, भिंतीला चिकटून. दुसऱ्या दिवशी एकाने येऊन तिच्या चष्म्याला हात लावला. आठवडाभरात वर्गात असा गलका सुरू झाला की धाकटी धावत दारात आली. मांडीवर एक, पाठीवर एक आणि केसांत कागदाचे कपटे अशा अवस्थेतल्या बहिणीकडे बघत राहिली, आणि गलका न थांबवता हळूच दार लोटून निघून गेली.