एका बटणाची बॅटरी

गाडीत ठेवायला एक साधीशी उजेडाची बॅटरी घ्यायची, या कामाला दहा मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. भूगोलाच्या सरांना मात्र दुकानाच्या पायरीवरच घाम फुटला होता. बॅटरी गणिताच्या बाईंना घ्यायची होती, सर नुसते सोबतीला आले होते. आणि सोबतीला यायलाही आपल्याला तोंड उरलेलं नाही, हे त्या दुकानात एकट्या सरांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. मागच्या सोमवारी पालकसभा लांबली. शाळेच्या तळघरातला, गाड्या लावायच्या जागेचा दिवा नेहमीप्रमाणे संपावर होता. बाईंनी डोक्यावरचा स्कार्फ ओढला आणि त्याच्याबरोबर कानातलं ऐकायचं मशीन निसटून खाली पडलं. शेंगदाण्याएवढं ते मशीन. बाई गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होत्या, तेवढ्यात शेजारच्या गाडीपाशी सर आले.

"सर, तुमच्याकडे बॅटरी आहे का हो? माझा मोबाइल बंद पडलाय."

बॅटरी होती. मेहुण्यानं दिलेली, छोटी, सुबक, गाडीच्या पुढच्या खणात कापडी पिशवीत सुखानं झोपलेली. मोबाइलही चांगला भरलेला होता. पण फरशीवर तेलाचे डाग होते आणि सरांच्या अंगात त्याच दिवशी घडी मोडलेली पँट होती. बॅटरी द्यायची म्हणजे वाकणं आलं, शोधणं आलं, अर्धा तास आला.

"नाही हो बाई!" बाईंना ऐकू जावं म्हणून सर मोठ्यानं म्हणाले. "मोबाइलनंही मान टाकलीय! वॉचमनला पाठवतो!"

खोटं बोलताना आवाज कसा खणखणीत लागला होता! आणि फाटकातून बाहेर पडताना वॉचमनला सांगायचंही राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या मावशींनी ते मशीन सुपलीतून शिक्षकांच्या खोलीत आणलं. पापडासारखं चपटं झालं होतं. कुठल्यातरी गाडीचं चाक त्यावरून गेलं होतं. कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही. सरांनी मात्र मनातल्या मनात दोन गाड्यांमधलं अंतर मोजलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

नवं मशीन यायला महिना लागणार होता. तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं बाईंना मुलीनं बजावलं. मग त्यांना रोज आणायची-सोडायची जबाबदारी सरांनी आपणहून घेतली. शिक्षकांच्या खोलीत वाहवा झाली. हेडबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "असा सहकारी मिळायला भाग्य लागतं." सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण "तसं काही नाही" एवढंच म्हणून ते हसले, आणि लोकांना तो विनय वाटला.

गाडीत बाई शेजारीच बसायच्या. त्यांच्या गुडघ्यांसमोर तो खण, खणात ती बॅटरी. ती तिथून काढून लपवावी असं सरांच्या रोज मनात यायचं, पण हात धजायचा नाही. बाई आपल्या मोठ्या आवाजात बोलत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "मागच्या बाकावरची पोरं उत्तर देतात की चेष्टा करतात, कळत नाही हो. मी आपली दोन्हीला मान डोलावते. तीस वर्षं शिकवतेय, पण वर्गात शिरायची भीती आताच वाटायला लागलीय." सरांनी उगाच हॉर्न वाजवला.

आणि आज हे दुकान. दुकानदार हौशी होता. त्यानं लाल-निळी लुकलुकणारी बॅटरी काढली, शिट्टीवाली काढली, चाकू असलेली काढली.

"ही पाण्यातसुद्धा चालते, बाई!"

"मला गाडीत ठेवायचीय, विहिरीत नाही," बाई म्हणाल्या आणि दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. "एक बटण. दाबलं की लागली, दाबलं की विझली. अंधारात हाताला सापडली पाहिजे. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला हवेत. बस."

शेवटी तळातून एक काळी, बोटभर लांबीची, गुळगुळीत बॅटरी निघाली. बाईंनी डोळे मिटून ती हातात फिरवली, अंगठ्यानं बटण शोधलं, दाबलं. चेहरा उजळला.

"दोन द्या," त्या म्हणाल्या. "एक माझ्या गाडीत. एक आमच्या सरांना माझ्याकडून. त्या दिवशी बिचाऱ्यांकडेही नव्हती."

 सर खाली बघून पुटपुटले, "बाई, माझ्याकडे होती. मी खोटं बोललो."

बाईंनी मान डोलावली आणि गोड हसल्या. मागच्या बाकाला डोलावायच्या तशीच.

क्षणभर सरांना सुटल्यासारखं वाटलं. सांगितलं तर होतं! त्यांना ऐकू गेलं नाही, त्याला आपण काय करणार? आणि मग त्यांना स्वतःची किळस आली. त्या दिवशी खोटं कसं ओरडून सांगितलं होतं, आणि खरं तेवढं दातांमागे ठेवलं. दुकानात पाचसहा माणसं होती. त्यात आठवीतल्या एका मुलाचे वडीलही होते.

"बाई!" सर ओरडले. "माझ्याकडे बॅटरी होती! त्या दिवशीही होती, गाडीच्या खणात! पँट खराब होईल म्हणून नाही म्हटलं! वॉचमनलाही सांगितलं नाही! आणि चाकही बहुतेक माझंच गेलं!"

दुकानदाराचा हात कागदी पिशवीतच थांबला. कुणीतरी खाकरलं. सरांचे कान तापून लाल झाले होते.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोनांतली एक बॅटरी उचलून दुकानदाराकडे सरकवली.

"एकच द्या."

दोघं गाडीत बसली. मग बाईंनी समोरच्या खणाकडे बोट दाखवलं. सरांनी तो उघडला, पिशवीची गाठ सोडली आणि बटण दाबलं. पहिल्याच दाबाला बाईंच्या पायांपाशी लख्ख उजेड पडला. पायपुसण्याच्या काळ्या दोऱ्यांत पेन्सिलीचं तुटलेलं टोक अडकलं होतं, तेसुद्धा दिसत होतं.

बाई वाकल्या. त्यांनी ते टोक चिमटीत उचललं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं.

"सापडलं असतं हो, सर," त्या म्हणाल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच त्या इतक्या हळू बोलल्या होत्या.