केळीच्या खोक्यावरचा नवरदेव

शहाद्यातल्या आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचे फोटो झेड ड्राइव्हवर आणि केळीच्या खोक्यांवर लागणाऱ्या स्टिकरचे जी ड्राइव्हवर, ही व्यवस्था मी सून म्हणून आले त्याच वर्षी लावली. पत्रिकेच्या फाइलमध्ये फोटो नसतोच, नुसता पत्ता असतो: झेड, फोटो एक नवरदेव, फोटो दोन नवरी. स्टिकरचंही तसंच: जी, एक आणि दोन. ड्राइव्हला अक्षर कसं द्यायचं हे सासऱ्यांना, हुकमीचंदजींना, मीच शिकवलं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

त्या दिवशी म्हसावदच्या मंगलाबाई लेकीच्या पत्रिका न्यायला आल्या. चतुर्थी होती. पहिली पत्रिका गावच्या गणपतीपुढे आजच ठेवायची, त्याशिवाय बाकीच्या वाटता येत नाहीत. बाराची एसटी. "लवकर कर वं माय," दर पाच मिनिटांनी चाललं होतं. मी प्रिंट सोडली आणि न बघताच पाकिटांकडे वळले. ती चूक माझी, मान्य.

छापलेली पहिली पत्रिका पप्पाजी, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावरच्या गणपतीला दाखवतात. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, डोळे उघडले आणि तसेच उभे राहिले. 'चि. दोधू' या नावावर केळीचा घड होता. 'चि. सौ. कां. योगिता'वर रिकामं खोकं.

मंगलाबाईंनी पदराने तोंड झाकलं. मला वाटलं हसतायत, पण त्या रडत होत्या. "सोयरा काय म्हनतीन?"

"पप्पाजी, झेडला हात लावला?"

"लगन का काम आखिरी अक्षर पे अच्छा नहीं लगता, बीनणी," ते गणपतीकडे बघत म्हणाले. "पिछले हफ्ते बदल दिया. लगन को जी, गणेशजी का. केले को झेड."

सासऱ्यांपुढे कपाळ बडवता येत नाही, म्हणून मनातल्या मनात बडवलं. अक्षरं पुन्हा जागेवर आणली, पत्रिका पुन्हा छापल्या. मंगलाबाईंनी एकेक निरखून पाहिली. "जवाई केळापेक्षा बरा दिखस," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

तेवढ्यात केळीवाल्या हेमराजभाऊंचा फोन. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरजच नाही.

"प्रियलताई, मन्हा खोका दिल्लीले उतरनात. स्टिकरवर 'एक नंबर माल' आनि वर हाऊ पोऱ्या कोन शे? तठला येपारी पुसी ऱ्हायनात!"

मंगलाबाई दारातच थबकल्या. पिशवी खाली ठेवली.

"पहिलं आवतन गणपतीनं," त्या म्हणाल्या, "अन् गयं दिल्लीले!"